पहिली मोट हाळाची

भागाबाईनं पाणी नको म्हटलं, झालं होतं ते एवढंच. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काय आहे, असं मंगला नंतर कितीदा तरी म्हणाली, आणि तिचं काही चुकत नव्हतं. उन्हातून आलेला माणूस कधी पाणी पितो, कधी पीत नाही. बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्याच्या बाजारातून अर्धं पोतं गहू घरी आणायचे म्हणून वामन मास्तरानं गर्दीतल्या एका हमाल बाईला हाक मारली होती, "अहो बाई, येता का?" म्हणून. "चला साहेब," म्हणत तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली, आणि पुढे तो, मागे ती, असे गल्ल्या काढत दोघं घरी आले. वाटेत त्यानं एकदाही तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. हमालाकडे कोण पाहतं? पाहतात ते पोत्याकडे. ओट्यावर ओझं उतरवून ती घाम पुसायला लागली, पदर बाजूला झाला, हनुवटीवरचं गोंदण दिसलं, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की ही आपल्या गावची भागाबाई, आपल्या मोटेवरच्या कडूची बायको. तिनं त्याला बाजारातच ओळखलं होतं. ओळखूनच ती साहेब म्हणाली होती. वामनला आधी आनंदच झाला. "अगं भागाबाई, तू?" असं तो म्हणाला, आणि अनोळखी होती तोवर जिला आपण अहो म्हणत होतो तिला ओळख पटताच अगं म्हणालो, हे त्याच्या लक्षात यायला रात्र व्हावी लागली. मंगलाला त्यानंच आत हाक मारून सांगितलं, ही आमच्या कडूची बायको, गावकुसाबाहेरच्या वस्तीतली, हिला गार पाणी दे. मंगलानं माठातलं पाणी तांब्यात आणलं, तांब्या उंच धरला आणि ती थांबली. भागाबाईनं ओंजळ पुढे करायची आणि हिनं वरून धार सोडायची, यात सांगण्यासारखं कुणालाच काही नव्हतं. पण भागाबाईचे हात कमरेवर होते ते कमरेवरच राहिले. "राहू द्या," ती म्हणाली, "नाक्यावर नल आहे."

मजुरी घेऊन ती निघाली तेव्हा वामन तिच्यामागे पायरीवर आला आणि गाव सोडून इकडे कधी आलात, काय झालं, असं विचारू लागला. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं. तिनं सरळ सांगितलं, जसं कुणी पावसापाण्याचं सांगावं, की इंजिन लागलं आणि हाळ सुकला. नाल्यातला झिराही मग आटला. उन्हाळ्यात वस्तीतली माणसं एकेक करून निघाली, कुणी शाहपूरला, कुणी रेल्वेच्या कामावर, आणि ती कडूला घेऊन इथं तापीकाठी राजघाटाच्या वरच्या झोपड्यांत आली. कडू कसा आहे, यावर "बसला आहे" एवढंच ती म्हणाली. मग चुंबळ झटकून ती गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली, आणि वामन कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. उन्हानं तापलेल्या पायरीचा चटका तळव्यांना बसत होता तरी त्याला पाय उचलावासा वाटेना.

वामन मास्तर भला माणूस होता. भलेपणाची त्याला थोडी सवयच लागली होती म्हणा ना. गावी विहिरीवर तेलाचं इंजिन बसवायला थोरल्या भावाला, पंडितदादाला, त्यानंच तयार केलं होतं. दादा आधी कां कू करत होता. चांगली चार बैलांची मोट चालते, ही विलायती भानगड कशाला? वामननं त्याला देश कुठे चालला आहे ते समजावून दिलं, नवी योजना समजावून दिली, केळीला बारमाही पाणी मिळालं तर काय होईल ते समजावून दिलं. आणि तो म्हणाला तसंच झालं. इंजिनाला हळदकुंकू लावून नारळ फोडला तो दिवस त्याला लख्ख आठवत होता. आधी काळा धूर, मग टुकटुक टुकटुक, आणि पाइपाच्या तोंडातून मांडीएवढी धार हौदात कोसळली तेव्हा सगळं गाव ओरडलं होतं. त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. मोट उचलून गोठ्यात खुंटीला टांगली. दोन वर्षांत शिवारभर केळी झाली, शाहपूरच्या सडकेनं घडांनी भरलेल्या गाड्या ठेसनाकडे लागल्या, रेल्वेच्या वाघिणी भरून दिल्लीला जाऊ लागल्या. दादाच्या घरावर माडी चढली, मारुतीच्या देवळाला सिमेंटचा गिलावा झाला. गावाचं भलं झालं, असं वामन सगळ्यांना सांगायचा, आणि खोटं सांगत नव्हता. गाव म्हणजे कोण, एवढाच काय तो प्रश्न होता, आणि तो भूगोलाच्या पेपरात कधी आला नव्हता.

हाळ सुकला. हे दोन शब्द त्या दिवसापासून त्याच्या पाठीस लागले. विहिरीवर मोट असताना धावेवरून बैल उतरले की मोटेची सोंड थारोळ्यात आपसूक रिकामी व्हायची, आणि थारोळ्याला खालच्या अंगानं एक भोक होतं, चिंध्यांचा बोळा घातलेलं. बोळा काढला की पाणी पलीकडच्या लांबट दगडी हाळात जायचं, येणाऱ्याजाणाऱ्या गुरांसाठी. अप्पांचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा, नेम होता की दिवसाची पहिली मोट हाळाची. पहाटे ते धोतर खोचून बांधावर उभे राहायचे, "हाळ भरला का रे?" म्हणून विचारायचे, आणि कडूनं हो म्हटल्यावरच पाटात पाणी सोडू द्यायचे. पंचक्रोशीत लोक अप्पांचं नाव घ्यायचे ते या पहिल्या मोटेसाठी. वामन वर्गात मुलांना हे सांगताना गहिवरायचा. इंजिन बसवताना पाइप नेला तो वरच्या बांधानं थेट नव्या हौदात, आणि हौदातून पाटात. जुनं थारोळं एका बाजूला राहिलं, त्याच्यामागचा हाळही राहिला. कुणी मुद्दाम केलं नाही. गवंड्याला कुणी सांगितलं नाही, दादाला आठवलं नाही, आणि खुद्द वामन त्या दिवशी तिथं उभा असून त्याच्याही डोक्यात आलं नाही. दोन उन्हाळे हाळ कोरडा पडला होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. घरची गुरं घरच्या टाक्यावर पाणी पीत होती. घरातलं कुणी कधी हाळावर पाणी प्यायलं नव्हतं, मग कळणार कुणाला?

शाळेत तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता. राज्यांची नवी मांडणी होणार, बुऱ्हाणपूर मराठी मुलखात जाणार की हिंदीत राहणार, आपल्या मराठी शाळेचं काय होणार? मधल्या सुट्टीत मास्तर लोक हातघाईवर यायचे. वामन एरवी सगळ्यांत मोठ्यानं बोलायचा, पण त्या आठवड्यात तो चहाच्या कपाकडे पाहत राहिला. भिंतीवर भारताचा नवा नकाशा होता. संस्थानांचे पिवळे ठिपके पुसले गेले होते, सगळा देश एका रंगात आला होता, आणि हा नकाशा लावला तेव्हा वामननं स्वतः खिळा ठोकला होता. आता वर्गात "आपला देश नद्या, जंगलं आणि खनिजांनी समृद्ध आहे" हे वाक्य सांगताना तो अडखळला. देशाचं उत्पन्न वाढलं की सर्वांचंच वाढतं, हे पुढचं वाक्य त्यानं अर्ध्यावर सोडलं. मुलं बोरू वर धरून वाट पाहत होती. शिपायानं पाण्याचा पेला आणून टेबलावर ठेवला, आणि वामन त्या पेल्याकडे असा पाहत राहिला की पुढच्या बाकावरची मुलं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. पाणी आपल्यापर्यंत किती सुखानं येतं. माठ भरलेला असतो, पेला घासलेला असतो, कुणीतरी वाकून समोर ठेवतं. आयुष्यात कधी त्याला पाण्यासाठी ओंजळ करावी लागली नव्हती, एका मुंजीतल्या संध्येचं आचमन सोडलं तर.

घरी मंगला कष्टी होती. मी काय वाईट केलं, असं ती राहून राहून म्हणायची. माझ्या माहेरी तर हमालाला दारात उभंही करत नाहीत, मी माठातलं पाणी दिलं. वामन तिला तू काही वाईट केलं नाहीस म्हणायचा, आणि त्याला तसंच वाटायचंही. तिच्या तांब्यात खोट नव्हती. खोट कुठं होती ते मात्र त्याला सापडत नव्हतं, आणि दाढेत अडकलेल्या कणाला जीभ जाते तसं त्याचं मन पुन्हा पुन्हा तिथंच जात होतं. शेवटी त्यानं आपल्या स्वभावाप्रमाणे ठरवलं की करण्यासारखं काहीतरी आहे. हाळ पुन्हा भरायला हवा. हाळ भरला की कडू आणि भागाबाई परत येतील, आणि भागाबाई बाजारात पाहून साहेब म्हणणार नाही. एवढं सोपं उत्तर मिळाल्यावर त्याला त्या रात्री गाढ झोप लागली.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. खानदेशाकडच्या आपल्या लोकांत त्या दिवशी पितरांच्या नावानं घागर भरतात. नव्या मातीच्या घागरीत पाणी, तिच्यावर खरबूज, सांजोरी, आमरसाचं ताट, आणि वर गेलेल्या माणसाला उन्हाळ्याचं गार पाणी पोचावं म्हणून हात जोडायचे. वामन दरसालप्रमाणे गावी गेला. दादानं अप्पांची घागर इंजिनाच्या पाण्यानं भरली. हात जोडताना वामनच्या मनात आलं, मेलेल्या बापाला पाणी पोचतं की नाही याची आम्हाला केवढी काळजी. जेवणं झाल्यावर ओसरीवर सुपारी कातरत असलेल्या दादापाशी त्यानं विषय काढला. पंडितदादा काही राक्षस नव्हता. ऐकून त्यानं अडकित्ता खाली ठेवला आणि कपाळावर हात मारला.

"अरे, हे ध्यानातच नाही राहिलं. सांगायचं होतं ना तिनं. पाणी काय कोणाच्या बापाचं आहे?"

पाणी त्यांच्याच बापाचं होतं, पण दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. अप्पांच्या नावानं ही गोष्ट व्हायलाच हवी, यावर दोघा भावांचं एकमत झालं. दादानं दुसऱ्याच दिवशी मिस्त्री बोलावून पाइपाला फाटा काढला आणि तो हाळावर नेऊन सोडला. केळीला पाणी भरायला माणूस हवाच आहे, कडूला येऊ दे, असंही तो आपणहून म्हणाला. हाळातला दोन वर्षांचा पाला, वाळकं शेण, एका मेलेल्या साळुंकीची पिसं काढून टाकली आणि धार सोडली. दगड आधी फुसफुसला, मग ओला झाला, मग भरला. वामन काठाशी उभा राहून पाहत होता. अप्पा असते तर पाठीवर हात ठेवला असता, असं त्याला वाटलं, आणि त्याचा ऊर भरून आला.

राजघाटाच्या वर, जिथं पुराची गाळवट वाळून भेगाळली होती, तिथं गोणपाटाच्या झोपड्या होत्या. कडू एकीच्या सावलीत बसला होता, गुडघ्यांभोवती हात घालून. मोटेवर असताना हा माणूस उतारावर नाड्यावर, म्हणजे मोटेच्या दोरावर, बसून बैलांबरोबर खाली यायचा तेव्हा त्याचा आवाज नाल्यापलीकडे जायचा. बैलांना तो काय काय बोलायचा, चिडवायचा, लाडीगोडी लावायचा. आता त्यानं वामनकडे मान वर करून पाहिलं तेव्हा ओळख पटायला वेळ लागला. हाळ भरला, हे वामननं सांगितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं त्यासाठी वामननं आणखी दहा इंजिनं उलटसुलट केली असती. "भरला?" कडू म्हणाला. "पार काठालोक?" मग तो उठला आणि आत जाऊन घोंगडीची घडी घालू लागला. भागाबाई चुलीपाशी भाकर थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही. ती येणार नाही असं ती म्हणाली तेव्हा वामनला वाटलं तिला नीट समजलं नाही, म्हणून त्यानं फाटा कसा काढला, पाणी रोज सकाळी कसं सुटेल, ते पुन्हा सांगितलं, वर्गातल्या ढ मुलाला सांगावं तितक्या सबुरीनं. तेव्हा तिनं पिठाचे हात परातीवर झटकले.

"वामनभाऊ, हाळ कोनासाठी व्हता? ढोराइसाठी. ढोरं पेऊन गेले का मंग आमी पेत व्हतो, लाळ बाजूले सारून. तुमचे अप्पा देवमानूस, त्याइले मी काई म्हनत नाई. पन त्या हिरीचं सारं पानी कोनं वढलं? याच मानसानं. साऱ्या जनमाचं. याले कधी कोनी म्हनलं का, कडू, ये, थारोळ्यावर पे?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. बाजूच्या झोपडीत कुणाचं तरी तान्हं पोर रडत होतं, आणि तापीवरून येणाऱ्या वाऱ्यात गरम वाळूचा वास होता.

"इथं नल माह्या हातानं उघडतो," भागाबाई म्हणाली. "पह्यल्या दिशी एकीनं माहा हंडा सरकवला. मी तिचा सरकवला. आता कोनी सरकवत नाई. याले जायाचं आहे तं जाऊ द्या. मी नाई येत."

अप्पा बांधावर उभे आहेत, पहाटेचा गारवा आहे, "हाळ भरला का रे?" आणि कडूचा होकार. हे चित्र वामननं लहानपणापासून देवघरातल्या तसबिरीसारखं जपलं होतं. आता त्या चित्रात त्याला पहिल्यांदाच कडूचं तोंड दिसलं. उन्हं चढल्यावर, बैल सोडल्यावर, तहानलेला कडू थारोळ्यावरून पुढे जातो. गार, स्वच्छ पाणी त्यानंच ओढलेलं, हाताच्या अंतरावर. तो त्याला वळसा घालून पलीकडे हाळावर जातो. वामन तेव्हा तिथंच असायचा, थारोळ्यात पाय सोडून बसलेला. हजारदा तरी त्यानं हे पाहिलं असेल. थारोळ्यात त्याचे पाय चालत होते, कडूची ओंजळ चालत नव्हती, आणि याचं त्याला कधी नवल वाटलं नाही. अप्पांनाही वाटलं नसेल. पहिली मोट देणाऱ्या त्या हातांचा त्याला राग येईना, आणि मायाही पूर्वीसारखी येईना. बाप दुसऱ्यांदा गेल्यासारखं त्याला झालं. मी त्याला घेऊन जात नाही, असं त्यानं म्हणायला हवं होतं. पण कडू घोंगडी काखोटीला मारून दारात उभा होता, लग्नाला निघाल्यासारखा, आणि बायकोकडे पाहायचं टाळत होता. भागाबाईनं त्याच्या धोतराच्या सोग्यात दोन भाकरी बांधून दिल्या. बांधताना ती त्याच्या कानाशी काहीतरी बोलली. त्यानं मान डोलावली.

तापी उन्हाळ्यात गुडघाभर होती. उतारानं ती पार करून ते जैनाबादेला लागले, तिथून गाडीनं गावी. वाटेत कडू बोलत राहिला, बैलांच्या आठवणी काढत राहिला. वामन मनात दुसरीच जुळवाजुळव करत होता. पोचल्यावर त्यानं कडूला विहिरीकडे नेलं. इंजिन चालू होतं, दादा पाटाशी उभा होता. "कडू, इकडे ये," वामन पाइपाच्या तोंडाशी उभा राहून म्हणाला, आणि आपलाच आवाज त्याला परका वाटला. "इथं पी. हौदावर." दादानं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती चिंता होती, गावाला उद्या काय सांगायचं याची. "वामन, तुला सुट्टी संपली की जायचं आहे," तो हळूच म्हणाला, "इथं राहायचं आम्हाला आहे. त्यालाही." वामननं कडूकडे पाहिलं. या वेळी कडूनं पुढे यावं म्हणून त्यानं जेवढी इच्छा केली तेवढी जन्मात कशाची केली नव्हती. कडू हसला. पोराचा हट्ट पाहून म्हातारी माणसं हसतात तसं.

"नको भाऊ," तो म्हणाला. "आपला हाळ आहे ना."

असं म्हणून तो पलीकडे गेला, गुडघे टेकले, दोन्ही तळहात दगडी काठावर ठेवले, आणि मान खाली घालून त्यानं पाण्याला तोंड लावलं. लांब लांब घोट घेत होता. मानेची शीर वरखाली होत होती, आणि कानाच्या पाळीवरून थेंब ओघळत होते. पिऊन झाल्यावर तो तसाच थोडा वेळ ओणवा राहिला, डोळे मिटून, सुखात. वामन बघत राहिला. दादा केव्हाच इंजिनाकडे वळला होता.

परतल्यावर मंगलानं ताट वाढलं, पण तो जेवला नाही. संध्याकाळी तो नाक्यावर गेला. नळावर बायकांची रांग होती, आणि भागाबाई रांगेत होती, हंडा कमरेवर घेऊन. कडू नीट पोचला, गावची झोपडी शाबूत आहे, दादानं त्याला कामाला लावलं, असं वामननं वाटेत मनात घोकून आणलेलं सगळं भराभर सांगितलं. ती ऐकत होती. पण हे तिला ऐकायचं नव्हतं, एवढं त्यालाही कळत होतं.

"पानी कुठं पेला?" तिनं विचारलं.

"हाळावर," वामन म्हणाला.

तिनं खाली पाहिलं. मग पदराचं टोक हंड्याच्या काठावर फिरवत, पुढच्या बाईला ऐकू जाऊ नये इतक्या हळू ती म्हणाली, "मी त्याले सांगतलं व्हतं. पेशील तं ओंजळीनं पे, ढोरावानी तोंड नको लावू. एवढं आइक म्हनलं माहं. ओंजळीनं पेला ना?"

वामननं आजवर मुलांना खोटं शिकवलं नव्हतं, किंवा तसा त्याचा समज होता. भागाबाई त्याच्या तोंडाकडे पाहत होती, आणि तिच्या नजरेत काही मागितल्याचं त्याला पहिल्यांदाच दिसत होतं.

"हो," तो म्हणाला. "ओंजळीनंच प्यायला."

तिला ते खरं वाटलं. शिकलेला माणूस स्वतः पाहून सांगतो आहे म्हटल्यावर का वाटू नये? रांग पुढे सरकली, तसा तिनं हंडा सावरला आणि ती नळाकडे गेली.